लहान मुलाचा ऑटिझम आणि थेरपीचा खर्च: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

डायग्नोसिस झाल्यावर पहिले काही आठवडे डोकं सुन्न असतं आणि त्यातच कोणीतरी फीचा कागद हातात देतं. आमच्या मुलाच्या थेरपी सेंटरच्या बाहेरच्या बाकावर बसून आम्ही पालक एकमेकांना जे सतत विचारतो, ते प्रश्न इथे एकत्र केलेत. मुलं साधारण दोन ते सात वर्षांची आहेत असं धरून लिहिलंय. जास्त करून महाराष्ट्राचं आहे, थोडं गोव्याचंही आहे. नियम आणि रकमा बदलत राहतात म्हणून फॉर्म भरण्याआधी त्या त्या ऑफिसात एकदा विचारून घ्याच.

आत्ताच कळलंय. महिन्याला किती खर्च धरायचा?

शहर, सेंटर आणि मुलाची गरज यावर सगळं अवलंबून आहे. पुण्या-मुंबईत प्रायव्हेट सेशन पाचशे-सहाशेपासून हजार-दीड हजारापर्यंत कितीही असू शकतं, छोट्या शहरात कमी. समजा आठवड्याला तीन ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं स्वतः करायला शिकवणारी) आणि दोन स्पीच थेरपी सांगितलेत आणि एका सेशनचे 800 रुपये, तर आठवड्याला 4,000, म्हणजे महिन्याला साधारण 17,000. यात रिक्षा-पेट्रोल नाही, असेसमेंटची फी नाही, डॉक्टरांचा फॉलोअप नाही, आणि आईने किंवा बाबांनी नोकरी सोडली तर गेलेला पगार तर कुठेच मोजलेला नसतो, खरं तर सगळ्यात मोठा खर्च बऱ्याच घरात तोच असतो.

पहिल्या दिवसापासून एक गोष्ट मनात पक्की ठेवा. हे सहा महिन्यांचं काम नाही, बरीच वर्षं चालणार आहे. त्यामुळे पहिल्याच वर्षी एफडी मोडून, सोनं गहाण टाकून, पाच थेरप्या एकदम लावून दुसऱ्या वर्षी सगळं बंद करावं लागलं तर मुलाचं नुकसान होतं. चार वर्षं न थांबता जमेल असा महिन्याचा आकडा आधी ठरवा आणि मग थेरपिस्टला मोकळेपणाने सांगा की आमचं बजेट एवढं आहे, यात सगळ्यात आधी काय करायचं. चांगला थेरपिस्ट या प्रश्नावर कधीच नाराज होत नाही.

अमेरिकेतली वहिनी म्हणते आठवड्याला 40 तास थेरपी लागते. आपण इतकं कुठून करणार?

हा 40 चा आकडा लोव्हास नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या 1987 च्या अभ्यासातून आला आणि तिथून जगभर पसरला. अमेरिकेत सगळ्या 50 राज्यांत ऑटिझमसाठी इन्शुरन्सचे नियम आहेत, त्यामुळे तिथे बऱ्याच घरांत इतक्या तासांचं बिल इन्शुरन्सकडे जातं. आपल्याकडे 800 च्या दराने ते आठवड्याला 32,000 होतात, कोणाला परवडणार सांगा.

पण तुमच्या मुलाला कमी मिळतंय असं समजून अपराधी वाटून घेऊ नका, प्लीज. आपल्या शेजारी गोव्यात एक फार महत्त्वाचं काम झालंय. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी अशा दोन ठिकाणी मिळून 65 मुलांवर पास नावाची ट्रायल झाली, 2016 मध्ये छापून आली. त्यात महागडे तज्ज्ञ रोज मुलाला घेऊन बसले नाहीत, तर ट्रेनिंग दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी आईवडिलांना शिकवलं, मुलाशी खेळताना त्याच्या लक्षाकडे कसं लक्ष द्यायचं, तो काय सांगू पाहतोय ते कसं ओळखायचं, बोलताना कुठे थांबायचं. आईवडिलांच्या वागण्यात फरक पडला आणि मुलं स्वतःहून संवाद जास्त सुरू करायला लागली. याचा अर्थ थेरपिस्ट नको असा नाही, ज्या मुलाला खाण्यापिण्याची, झोपेची, स्वतःला मारून घेण्याची अडचण आहे त्याला तज्ज्ञ लागतोच. पण तुमचे पैसे आठवड्याला दोनच सेशनना पुरत असतील तर त्या दोन सेशनमध्ये तुम्ही आत बसा, थेरपिस्टकडून लेखी होम प्रोग्रॅम मागा, आणि तो आंघोळ, जेवण, भाजी आणणं, झोपायची वेळ यात बसवा. ज्या सेंटरमध्ये पालकांना दाराबाहेरच ठेवतात आणि शेवटी "आज छान केलं हं" एवढंच सांगतात तिथे तुम्ही निम्मेच पैसे वापरताय.

जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठी केअरगिव्हर स्किल्स ट्रेनिंग म्हणून कोर्स आहे, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या घरच्यांसाठी, ऑनलाइन फुकट आहे. इंग्रजी जमत असेल तर जरूर बघा, आणि नवराबायको दोघांनी बघा.

सरकारी किंवा कमी पैशात चांगली थेरपी कुठे मिळते?

मिळते, फक्त रांग आणि वेळ काढायची तयारी हवी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली (2013 पासून चालू आहे) जिल्हा रुग्णालयात डीईआयसी असतं, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. तिथे 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासणी आणि थेरपी मोफत. अंगणवाडीत तपासणीला जी टीम येते ती याच कार्यक्रमाची, त्यांच्याकडून रेफर करून घेता येतं किंवा थेट सिव्हिलला जाऊन विचारलं तरी चालतं. सगळीकडे सगळी पदं भरलेली नसतात, कुठे स्पीच थेरपिस्ट असतो तर ओटी नसतो, म्हणून जे तिथे आहे ते मोफत घ्या आणि उरलेलं एकच बाहेर पैसे देऊन घ्या.

मुंबईत केईएम, सायन आणि नायरमध्ये ऑक्युपेशनल थेरपीची कॉलेजं आहेत, नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये आहे. केस पेपरच्या पैशात काम होतं. बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत 2021 पासून लहान मुलांसाठी केंद्र सरकारचं अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर आहे, सगळ्या प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी. खारघरला एनआयईपीआयडीचं (बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेचं) प्रादेशिक केंद्र आहे. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, नवी मुंबईत राहणाऱ्यांनी तिथे आधी जावं. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजी आणि स्पीचचं कॉलेज आहे. कॉलेजांमध्ये शिकणारे विद्यार्थी सेशन घेतात म्हणून काही पालक नाकं मुरडतात, पण त्यांच्यावर सिनियर लक्ष ठेवून असतात, ती मुलं मनापासून तयारी करून येतात आणि मला तरी हा मार्ग फार चांगला वाटतो.

संस्थांमध्ये मुंबईची उम्मीद, पुण्याचं प्रसन्न ऑटिझम सेंटर, गोव्यातलं सेतू ही नावं तुम्हाला कोणीही सांगेल. अशा संस्थांत गेल्यावर उत्पन्नाप्रमाणे फी कमी होते का हे विचारायला लाजू नका. मोठ्या चॅरिटेबल हॉस्पिटलमध्ये चाइल्ड डेव्हलपमेंटचा विभाग असेल तर तिथल्या समाजसेवा विभागात भेटा. वर्षाला 1,80,000 पर्यंत उत्पन्न असलेल्यांना निर्धन आणि 3,60,000 पर्यंतच्यांना दुर्बल घटक म्हणून सवलत द्यायची त्यांच्यावर कायद्याने जबाबदारी आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊनच जा.

दिव्यांग दाखला काढावा का? मुलाला शिक्का बसेल असं सासूबाई म्हणतात.

हा प्रश्न पैशाचा वाटत नाही पण आहे पैशाचाच, कारण खाली लिहिलेली जवळजवळ प्रत्येक सवलत या एका कागदावर अडते. भीती मला समजते. आजीला वाटतं नातू पुढे बोलायला लागेल, शाळेत जाईल, मग हे कशाला नावाला लावायचं. त्यांच्याशी भांडू नका, शांतपणे सांगा की दाखला घराच्या कपाटात राहतो, कोणाला दाखवायचा ते आपण ठरवतो. लहान मुलांना बऱ्याचदा ठराविक मुदतीचाच दाखला देतात आणि नंतर पुन्हा तपासतात, त्यामुळे मूल पुढे गेलं तर कागदही बदलतो. दाखला नसल्यामुळे ऑटिझम जात नाही, फक्त मदत जाते.

माझं मत विचाराल तर डायग्नोसिस पक्कं झाल्या झाल्या अर्ज करा.

कसा काढायचा आणि किती टक्के लागतात?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. बहुतेक योजनांना 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) फॉर्म भरायचा, हॉस्पिटल निवडायचं, आणि बोलावतील त्या दिवशी मुलाला घेऊन डॉक्टरांच्या बोर्डासमोर जायचं. पुण्यात ससून आणि औंध, मुंबईत जेजे, केईएम, नायर, सायन, बाकी ठिकाणी सिव्हिल किंवा मेडिकल कॉलेज.

ऑटिझम मोजायला आयसा नावाची आपल्या देशात तयार केलेली स्केल वापरतात, 40 मुद्दे असतात आणि बरीच माहिती पालकांनाच विचारतात. तिथे आपण आईवडील एक करतो, मूल किती हुशार आहे तेच सांगत बसतो. मुलाचा सगळ्यात चांगला दिवस सांगू नका, रोजचा दिवस सांगा. वाढवून नको, झाकून पण नको. आधीचे सगळे रिपोर्ट, थेरपिस्टचं पत्र, मूल घरी कसं वागतं याचे एकदोन छोटे व्हिडिओ सोबत ठेवा. बोर्डाच्या दिवशी खूप वेळ बसावं लागतं म्हणून डबा, आवडतं खेळणं, आवाज सहन होत नसेल तर हेडफोन.

निरामय म्हणजे काय? खरंच एक लाख मिळतात का?

निरामय ही केंद्राच्या नॅशनल ट्रस्टची आरोग्य विमा योजना, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविध दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी. वयाची अट नाही, आधी मेडिकल टेस्ट नाही, आणि आधीपासून ऑटिझम आहे म्हणून नाकारत नाहीत. नाव नोंदवायला दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला 250 आणि बाकीच्यांना 500, नंतर दरवर्षी रिन्यूअल 50 आणि 250.

एकूण कव्हर एक लाखाचं आहे, पण नीट ऐका, ते वेगवेगळ्या भागांत वाटलेलं असतं. ॲडमिट होण्यासाठी मोठा भाग, ओपीडीसाठी वेगळा, आणि नियमित थेरपीसाठी त्यातला छोटासा हिस्सा. म्हणजे वर्षभराची थेरपी यातून निघणार नाही, एकदोन महिन्यांची निघाली तरी 250 रुपयांच्या मानाने खूपच आहे. कॅशलेस नाही, आधी तुम्ही भरायचे आणि मग क्लेम करायचा. त्यामुळे डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन ज्यात थेरपीचं नाव आणि किती वेळा ते लिहिलंय, नंबर असलेली छापील बिलं, आणि प्रत्येकावर मुलाचं नाव, हे सगळं लागतं. साध्या कागदावर "रु. 4000 मिळाले" असं लिहून दिलेलं चालत नाही. थेरपिस्टकडे पहिल्याच महिन्यात व्यवस्थित रिसीट मागा, वर्षाच्या शेवटी मागितल्यावर सगळेच वैतागतात. आणि रिन्यूअलची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. जवळची नॅशनल ट्रस्टकडे नोंदणी असलेली संस्था फॉर्म भरायला मदत करते.

आमचा मेडिक्लेम आहे, तो थेरपीचे पैसे देईल का?

साधी पॉलिसी बहुतेक वेळा देणार नाही, कारण ती ॲडमिट झाल्यावरच चालते आणि थेरपी सगळी ओपीडीत असते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच विमा संरक्षण द्यायला सांगितलंय, आणि विमा नियामकाने 2023 मध्ये कंपन्यांना दिव्यांग व्यक्तींसाठी पॉलिसी ठेवायला सांगितलंय, पण म्हणून स्पीच थेरपीचं बिल आपोआप पास होत नाही.

जिथे आशा आहे ती जागा म्हणजे ऑफिसची ग्रुप पॉलिसी. काही आयटी आणि मल्टिनॅशनल कंपन्यांनी त्यात मुलांच्या थेरपीसाठी वर्षाची ठराविक रक्कम घातलेली असते आणि ते कर्मचाऱ्यांना माहीतच नसतं. एचआरला मेल करून पॉलिसीची पूर्ण प्रत मागा, त्यात ऑटिझम, डेव्हलपमेंटल, ओपीडी हे शब्द शोधा. नसेल तर पुढच्या वर्षीच्या रिन्यूअलच्या आधी दोनचार पालकांनी मिळून एचआरकडे मागणी करा. एकट्याने मागितलं तर विसरतात, चौघांनी मागितलं तर निदान ब्रोकरकडून कोट मागवतात.

आयुष्मान किंवा महात्मा फुले योजनेतून?

नाही. त्या ॲडमिट होऊन करायच्या उपचारांसाठी आहेत. कार्ड मात्र काढून ठेवा, मूल कधी आजारी पडलं तर उपयोगी.

टॅक्समध्ये काय वाचतं?

आयकराचं ऐंशी डीडी (80DD) कलम. दिव्यांग मूल अवलंबून असेल तर 40 टक्के किंवा जास्तला 75,000 आणि 80 टक्के किंवा जास्तला 1,25,000 वजावट. खर्च कमी झाला असला तरी पूर्ण रक्कम मिळते, हे खूप जणांना माहीत नसतं. ऑटिझमसाठी ठरलेला फॉर्म लागतो (2025-26 पर्यंत तो 10-आयए होता), मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टकडून किंवा सिव्हिल सर्जनकडून भरून घ्यायचा. 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये 75,000 वर सेस धरून 23,400 रुपये वाचतात.

पण हे फक्त जुन्या टॅक्स रिजीममध्ये. नवीन रिजीममध्ये ही वजावट नाही, आणि पगार 12,75,000 च्या आत असेल तर 2025-26 च्या नियमाने तिथे तसाही टॅक्स शून्य येतो, मग जुन्यात राहून काही फायदा नाही. त्याच्या वर असाल, होम लोन वगैरे असेल, तर दोन्हीकडे हिशोब करून बघा. एप्रिल 2026 पासून नवीन आयकर कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, सीएला "ऐंशी डीडी वालं" म्हटलं की कळतं.

अजून एक छोटं, दिव्यांग मुलाच्या पालकांना महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स माफ आहे. वर्षाचे 2,500. ऑफिसच्या पेरोलला दाखल्याची कॉपी द्या.

सरकारी नोकरीत असणाऱ्यांना?

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना सीजीएचएसमधून (त्यांची आरोग्य योजना) ऑटिझमच्या थेरपीचे पैसे ठरलेल्या दरापर्यंत परत मिळतात. शिवाय बालशिक्षण भत्ता दिव्यांग मुलासाठी दुप्पट, जानेवारी 2024 पासून महिन्याला 5,625. राज्य सरकारच्या लोकांनी आपल्या आस्थापना शाखेत रजा आणि वैद्यकीय प्रतिपूर्ती दोन्हींचं विचारा.

मी नोकरी सोडू का?

याचं उत्तर मी देऊ शकत नाही पण हिशोब कसा करायचा ते सांगते. पगार उणे थेरपी एवढंच बघू नका. पीएफ, ग्रुप इन्शुरन्स, आणि पाच वर्षांनी परत नोकरी मिळेल का हेही धरा. आधी सहा महिने वर्क फ्रॉम होम, अर्धा वेळ, बिनपगारी रजा असं काही मिळतं का बघा. आणि सोडायचीच तर आईनेच का, याची घरात एकदा मोकळी चर्चा होऊ दे. ज्याचा पगार जास्त त्याची टिकवायची हे ठीक आहे, पण मग घरी राहणाऱ्याला आठवड्यातून एक संध्याकाळ पूर्ण सुट्टी, नाहीतर माणूस मोडतो आणि तो खर्च कुठल्याच योजनेत बसत नाही.

सेंटर म्हणतंय सहा महिन्यांचे पैसे एकदम भरा, 20 टक्के सूट देतो. घेऊ का?

शक्यतो नको. मुलाचं त्या थेरपिस्टशी जमेल की नाही हे पहिल्या महिन्या-दीड महिन्यात कळतं, आणि थेरपिस्ट सोडून जाण्याचं प्रमाणही खूप आहे. फारच सूट असेल तर एका महिन्याचं घ्या आणि लेखी विचारा, मूल आजारी पडलं तर सेशन पुढे ढकलतात का, मध्येच सोडलं तर उरलेले परत देतात का. दर तीन महिन्यांनी लेखी गोल (म्हणजे ठरवलेली उद्दिष्टं) मागा. "कॉन्सन्ट्रेशन वाढवणे" हा गोल नाही. "पाणी हवं असेल तर चित्र दाखवून किंवा शब्दाने मागेल, दहापैकी सात वेळा" हा गोल आहे. सहा महिन्यांत एकही गोल हलला नाही तर गोल बदला, पद्धत बदला, नाहीतर सेंटर बदला.

थेरपिस्ट खरा क्वालिफाइड आहे का कसं ओळखायचं?

स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे आरसीआयचा म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नंबर असतो. ओटीकडे महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी. विचारा, बिलावर तो नंबर लिहून घ्या, क्लेमलाही उपयोगी पडतो.

स्टेम सेलने बरं होतं असं एका ठिकाणी सांगितलं, लाखो रुपये सांगतायत.

करू नका. कृपा करून करू नका. 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर झालेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतो, आणि खऱ्या ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नाहीत. तीच गोष्ट शरीरातला शिसं-पारा काढतो म्हणणाऱ्या चिलेशनची, त्याने अमेरिकेत 2005 मध्ये पाच वर्षांचा मुलगा दगावलाय. ऑक्सिजन चेंबर, लांबून मागवलेली पावडरी, सगळं टाळा. जो कोणी "बरा करतो" म्हणतो आणि आगाऊ मोठी रक्कम मागतो तिथून उठून या. त्या पैशात तीनचार वर्षांची नीट थेरपी होते.

आम्ही तालुक्याला राहतो. जाण्यायेण्यातच पैसे जातात.

एसटीत दिव्यांगांना तिकिटात 75 टक्के सवलत आहे आणि सोबतच्या माणसालाही अटीप्रमाणे मिळते, डेपोत विचारा. रोज जाण्यापेक्षा महिन्यातून एकदा-दोनदा शहरात सलग दोन दिवस सेशन, आणि मधल्या काळात व्हिडिओ कॉलवर पालकांना शिकवणारं सेशन, असं बसवा. लहान मुलं स्क्रीनसमोर बसत नाहीत हे खरं, पण ऑनलाइन सेशन मुलासाठी नसतंच, तुमच्यासाठी असतं. तुम्ही घरी खेळताना व्हिडिओ काढून पाठवायचा आणि थेरपिस्ट त्यावर बोलणार. यात पैसे खूप वाचतात.

ग्रामपंचायत, महापालिका काही देते का?

स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा महाराष्ट्रात नियम आहे. ग्रामसेवकाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी विचारलं तर "बघू" म्हणतात. महापालिकांच्या समाजविकास विभागाच्या वेगळ्या योजना असतात, जाहिरात थोडेच दिवस असते म्हणून पालकांच्या ग्रुपवर लक्ष ठेवा. उत्पन्न अगदी कमी असेल तर तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचं विचारा. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत दिव्यांगांना महिन्याला मदत मिळते.

शाळेचा खर्च?

आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के जागांत दिव्यांग मुलं वंचित गटात येतात, त्यांना उत्पन्नाची अट नाही. दाखला 40 टक्क्यांचा हवा. शाळा शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत बसणारी मदतनीस) तुमच्या खर्चाने आणा म्हणाली तर आधी गटसाधन केंद्रात जाऊन समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकाला भेटा, ते शाळेशी बोलतात.

पैसे संपले आणि थेरपी थांबवावी लागली तर?

अचानक बंद करू नका, थेरपिस्टला एक महिना आधी सांगा. शेवटच्या सेशनमध्ये तीन गोष्टी लेखी घ्या: आत्ता मूल कुठे आहे, घरी पुढे काय करायचं, आणि काय दिसलं तर लगेच परत यायचं. मग डीईआयसीत किंवा मेडिकल कॉलेजात नाव टाका. सगळं बंद करण्यापेक्षा महिन्यातून एक सेशन चालू ठेवा, ज्यात फक्त तुमच्या घरच्या कामाची उजळणी होईल. स्पीच आणि ओटीपैकी एकच ठेवायचं असेल तर मुलाला आज सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो ते बघा. काही हवं असेल तर ते सांगता येत नाही म्हणून रडत असेल तर स्पीच ठेवा, आणि चित्रांचं कार्ड वापरून मागायला घरीच सुरू करा, त्याने बोलणं मागे पडत नाही.